तोआच्या अंगणातली शिला

भूगर्भाचे शब्द पोरांकडून घोकून घ्यायचा मला मनस्वी कंटाळा. थर, गाळ, जीवाश्म, युग एवढं फळ्यावर लिहिलं आणि सातवीला सांगितलं, उद्या घरून एकेक दगड आणा, तो कुठल्या शब्दाचा ते आपण ठरवू. पोरांनी बटाट्यांच्या पोत्यांतून दगड ओढत आणले.

नदीकाठच्या नव्या वसाहतीतली तोआ तेवढी रिकाम्या हातांनी आली. तिचा दगड खोलीएवढा होता म्हणे. वर्ग खो खो हसला.

"खरंच, बाई. बाबा त्याला टेकूनच स्वयंपाकघर बांधतायत. एक भिंत फुकटात."

कसा आहे, विचारलं. काळा, भोकाभोकांचा, म्हणाली, वर डोंगरावर बर्फाखाली कडा आहे ना, अगदी तसा. माझा खडू थांबला. मग मी लिहिलं, 'अस्थानिक शिला'. जन्मली एकीकडे, येऊन पडली दुसरीकडे. आपल्यासारखा ज्वालामुखीचा डोंगर तापला की बर्फ वितळतं, राखेचा चिखल होतो आणि तो घराएवढे दगड वाहून आणतो. त्याआधी कधीकधी पाणी वरच अडतं आणि खाली नदीचा आवाज बंद पडतो.

हे कधी झालं, पोरांनी विचारलं. खूप खूप वर्षांपूर्वी, मी म्हणाले, आणि माझीच मला चीड आली. महिनाभर आम्ही सगळेच वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकत होतो.

शनिवारी तोआच्या घरावर छप्पर चढवायला सगळा गाव जमला. एका चुलीवर मका शिजत होता, मक्याच्या दारूचा घडा फिरत होता. मी तिच्या वडिलांना, एलिसेओंना, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते हसले.

"बाई, दहा बैल जुंपले तरी हा धोंडा हलायचा नाही. अख्ख्या दरीत याच्याइतकी पक्की जागा दाखवा."

पाण्याची बादली घेऊन चाललेली तोआ थांबली.

"मग बाबा, याला इथे आणलं कोणी?"

वरच्या माणसांचे हातोडे थांबले. एलिसेओंनी हातातला पेला डोंगराच्या नावाने जमिनीवर ओतला आणि ते शिडी चढले. संध्याकाळपर्यंत छप्पर पुरं झालं. मी तणतणत घरी आले.

माझं घर वर, टेकडीच्या धारेवर. रविवारी एलिसेओ दारात उभे. पाठीला तोआचा धाकटा भाऊ बांधलेला, शेजारी गाठोडं घेतलेली तोआ. मला वाटलं, शहाणे झाले. पण ते आणि बायको खालीच राहणार होते. घर रिकामं दिसलं की वसाहतीची समिती ते दुसऱ्याला देते, आणि त्यांनी त्या घराची कित्येक वर्षं वाट पाहिली होती.

"शब्द तुम्ही दिलेत तिला," ते म्हणाले. "आता अंथरूणही द्या."

मी वाद घातला, अद्वातद्वा बोलले. त्यांनी दोन्ही पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरून गेले.

अंथरुणं घातली. वारा बोचत होता म्हणून मी खिडकी लावायला गेले.

"राहू द्या, बाई," तोआ म्हणाली. "नदी ऐकू यायला हवी. बाबांनी सांगितलंय, आवाज बंद झाला तर त्यांना आणि आईला शोधायला खाली जायचं नाही."

मी खिडकी उघडी ठेवली.