पांढरी बोटं

गेल्या वर्षी हृस्कानं निवडलेला धिप्पाड गडी अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात महिनाभरही टिकला नव्हता. आता दुसरी चूक झाली की स्काउटची, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरायची, नोकरी गेलीच. म्हणून कॉलेज संघात आडव्या फळीत खेळणाऱ्या टेविटाची गेल्या मोसमातली चित्रफीत तो सारखी मागे नेऊन बघत होता.

बॉल घेऊन पळायचा डाव असला की पुढं धडकण्याआधी वाकलेल्या टेविटाचा टेकलेला हात जमिनीवर दाबला जाई, बोटं पांढरी पडत. फेकीचा डाव असला की हात हलका, आणि तो मागे सरके. म्हणजे समोरच्याला सगळं आधीच कळणार. नापास.

पुन्हा मागे. नापासच.

तरी चैन पडेना. तो तडक मैदानात गेला आणि टेविटासमोर वाकला. "चल, अडव मला."

बोटं पांढरी पडली. हृस्का धडक घ्यायला झेपावला. टेविटा अलगद मागे सरकला आणि म्हातारा हृस्का तोंडावर आपटला.

"लागलं का, सर? माझी खोड सगळ्यांना कळलीय. आता तीच दाखवून फसवतो."

"मग आधी बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर पडला असता का तुम्ही?"

गवत थुंकत हृस्कानं पडल्या जागीच संघाच्या साहेबांना फोन लावला. "पोरगा पास."