शोधा, बदला आणि भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मी शिकवते त्याच शाळेत संगणक शिकवतात. सरळ रस्ता दिसला की त्यांना अपमान वाटतो. मजकूर दुरुस्त करायची एक जुनी भाषा आहे. तिला एवढंच कळतं: हा शब्द शोध, त्याच्या जागी तो घाल. बिचारीचा जीव तेवढाच. भाऊजी तिच्याकडून गणितं करून घेतात. तिला आकडे माहीत नाहीत, म्हणून सात म्हणजे सात रेघा. बेरीज म्हणजे रेघांच्या दोन ढिगांमधलं अधिकचं चिन्ह पुसून टाकायचं.

"घरात कॅल्क्युलेटर आहे की," ताई म्हणायची.

"त्यात कसलं आलंय कौतुक?" भाऊजी म्हणायचे, आणि रेघा पुसत बसायचे.

त्याच भाषेत त्यांनी फुली-गोळ्याचा खेळ लिहिला. आमच्या मुख्याध्यापिका बाई त्यात लागोपाठ हरल्या आणि भारावल्या. जो आपल्याला हरवतो तो विद्वान, असा बाईंचा हिशेब आहे. त्यांनी शाळेचं वेळापत्रकच भाऊजींवर सोपवलं. माकडाच्या हाती कोलीत दिलं म्हणा ना. आजवर वेळापत्रक स्टाफरूममधल्या फळ्यावर, खिळ्यांना रंगीत चकत्या अडकवून व्हायचं. भाऊजींनी त्याच भाषेत वेळापत्रकाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि फळा अडगळीत गेला.

मला त्यातून एकच गोष्ट हवी होती. आमच्या बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. ते माझ्याकडे असतात. त्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई फक्त बुधवारी सकाळी भेटतात, आणि ताईची नोकरी तर उजाडायच्या आत सुरू होते. म्हणून बुधवारचे पहिले दोन तास मला मोकळे हवे होते. उशीर केला तर गेलेली वाचा परत येणं अवघड, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"एवढंच ना? एक ओळ वाढवतो," भाऊजी म्हणाले. संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे, बाबांपुढे लॅपटॉप ठेवायचे आणि बाबा डाव्या हाताने फुल्या मारत बसायचे. बाबा हरायचे आणि आवाज न करता हसायचे. मला मेलीला रागच यायचा. ओळ वाढवायची सोडून खेळ कसले?

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक स्टाफरूममध्ये लागलं. बुधवार पाहिला, मी मोकळी. हायसं वाटलं. मग गुरुवार पाहिला, तिथेही मोकळी. सोमवार ते शनिवार माझं नाव कुठेच नव्हतं. आठवीच्या विज्ञानासमोर कोरी चौकट होती. मला बुधवारी मोकळं ठेवायचा सोपा उपाय त्या भाषेला सापडला होता. शोधा: मी. बदला: काही नाही.

बाईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्हाला तासच नाहीत. गावाबाहेरच्या शाखेत शिक्षक कमी आहेत, उद्यापासून तिकडे जा."

त्या शाखेत सकाळपासून दिवसभर थांबावं लागतं, बुधवारीसुद्धा. मी भाऊजींना बाईंसमोर ओढून आणलं. शाळेत मी त्यांना सर म्हणते, पण तेव्हा तोंडातून भाऊजीच निघालं.

"भाऊजी, यात चूक आहे, हे सांगा बाईंना."

त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिरक्या रेघा, टिंबं आणि कंस यांचा नुसता सडा पडला होता. ते तो सडा वर-खाली सरकवत राहिले.

"दुरुस्त करा ना," मी म्हटलं.

"लिहिलं तेव्हा कळत होतं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. मग बाईंकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "चूक म्हणता येणार नाही. हिने मागितलं तेच प्रोग्रॅमने दिलं."

नातं, शाळा सगळं विसरून त्यांच्या डोक्यात तो लॅपटॉप घालावा असं मला वाटलं. त्याऐवजी मी अडगळीत गेले आणि फळा उचलून बाईंच्या टेबलावर आणून आपटला. छापलेल्या कागदावरून चकत्या लावायला घेतल्या. आठवीच्या विज्ञानाच्या तासांना मी माझी हिरवी चकती लावली. बुधवारचे पहिले दोन तास नेमके त्याच विज्ञानाचे होते. तिथे थांबून मी बाईंना बाबांचं आणि डॉक्टरीणबाईंचं सांगितलं.

"या वेळी दुसरं कोण मोकळं आहे?" बाईंनी विचारलं.

भाऊजी मोकळे होते. बुधवारीच काय, रोजच सकाळी. प्रोग्रॅममधला पहिला नियम त्यांनी स्वतःच्या झोपेसाठी लिहिला होता, फक्त नाव 'प्रयोगशाळेची तयारी' दिलं होतं. बुधवारी आठवीचे शेवटचे दोन तास त्यांचे होते. बाईंनी त्यांची निळी चकती सकाळी लावली आणि माझी हिरवी शेवटी. झालं वेळापत्रक.

"पण हे हाताने केलं," भाऊजी म्हणाले.

"देवाने दिलेत, वापरावे अधूनमधून," बाई म्हणाल्या.

बुधवार सुरू झाले. डॉक्टरीणबाई कप, चावी, चप्पल अशी चित्रं दाखवायच्या. बाबा ओठ हलवायचे, आवाज निघायचा नाही. मी परतीच्या रिक्षात तोंड फिरवून बसायचे. मग एका बुधवारी बाबांनी चित्र बाजूला सारलं. डाव्या हाताने पेन्सिल घेतली, टेबलावर दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि स्पष्ट म्हणाले, "फुली."

मी तिथेच रडले. इतकं भांडून मिळवलेल्या बुधवारी बाबांना शब्द सुचला तोही भाऊजींच्या खेळातला.

दुपारी भाऊजी जांभया देत स्टाफरूममध्ये बसले होते. मी म्हटलं, "ती फुली-गोळ्याची फाईल माझ्या लॅपटॉपवर घालून द्या."

ते दचकले. "का? चूक सापडली?"

"नाही हो," मी म्हटलं. "त्यात नाही."