गाऱ्हाणं घातलेली आग

नात्यातलं काम अंगावर घेऊ नये, हे सर्वेश चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा. पण मसुऱ्याच्या वाटेवरच्या आंबा कॅनिंगच्या फॅक्टरीत बॉयलर चालवणारे सत्यवान म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचे, यशोदाचे यजमान. भावोजींचा फोन आला, "रे सर्वेशा, ह्यो डोळो माका जगाक देना नाय," आणि हा पठ्ठ्या हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला.

डोळा म्हणजे फ्लेम स्कॅनर. बर्नरच्या तोंडाशी एका नळीतून तो आतली ज्योत न्याहाळत बसतो. ज्योत दिसते तोवर डिझेल येऊ द्यायचं, दिसेनाशी झाली की लगेच तोडायचं, एवढंच त्याचं काम. ते चुकलं तर विझलेल्या भट्टीत डिझेल फवारत राहतं, लालबुंद विटांवर त्याची वाफ होते, आणि मग जो भडका उडतो त्यात समोर उभ्या असलेल्या माणसाचं काही खरं नसतं. समोर उभे राहणार होते भावोजी.

जुना डोळा सरळ बसवलेला होता. ज्योत जरा आखूड झाली की त्याला दिसायची नाही, नि बॉयलर फटकन बंद. सर्वेशने ठरवलं, नळी तिरकी लावायची आणि ज्योतीच्या बुडावर रोखायची. ज्योत कितीही नाचली तरी बूड जागचं हलत नाही. पण भोक पाडायच्या जागी नेमका हवेच्या झडपेचा दांडा आडवा आला. तो सोडवायचा म्हणजे आणखी एक दिवस, आणि बाहेर क्रेटमध्ये आंबे पिकून घमघमत होते. मालकीण अनुजाबाई घटकाघटकाला येऊन "झालं का?" म्हणून डोकावत होत्या. सर्वेशने नळी पलीकडच्या बाजूने वेल्ड करून टाकली.

त्या बाजूनेही बूड दिसत होतं. फक्त ज्योतीच्या पाठीमागे समोरच्या विटाही दिसत होत्या. विटा थंड असताना काही बिघडत नाही. त्या तापून लाल झाल्या, त्यांच्यावरची हवा थरथरायला लागली, की डोळा त्यालाच ज्योत समजून बसू शकतो. तपासायचा उपाय एकच. भट्टी पुरती तापल्यावर डिझेलचा कॉक हाताने बंद करायचा, आग विझू द्यायची आणि डोळ्याला ते कळतं का बघायचं. कळेल, असं सर्वेशने स्वतःलाच समजावलं.

दुसऱ्या दिवशी हंगामातली पहिली आग पेटायची होती. बॉयलरपुढे नारळ ठेवून भावोजींनी हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज हयसर आग पेटता हा. पयल्या घाण्याचो रस उद्या सकाळी तुझ्या पायाकडे येतलो. तवसर ह्या आगीक खंड पडूक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सर्वेशही ओरडला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला आठवलं, तपासायचं तर हीच आग विझवावी लागणार.

दुपारी भट्टी तापली तसा तो भावोजींजवळ गेला. "वायच कॉक बंद करूक होयो. तपासणी रवली हा."

"आज नाय," भावोजी म्हणाले. "गाऱ्हाणा घातलेली आग आसा. उद्या रस देवाक गेलो काय तू होया तसा कर."

अनुजाबाईंनीही मान डोलावली. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, सर्वेश. राहू दे."

सर्वेशने विषय तिथेच सोडला, कारण भावोजींचा हट्ट कुठून आला होता ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गेल्या हंगामात पहिल्याच दिवशी जुन्या डोळ्याने गाऱ्हाणं घातलेली आग मध्येच तोडली होती. त्याच आठवड्यात भावोजींचा मुलगा ओमकार आंब्याच्या कलमावरून खाली पडला. तरणाताठा पोरगा, कंबरेखाली अजून उठत नाही.

जेवायला तो बहिणीकडे गेला. ओमकार खिडकीशी पडून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मामाला बघून हसला. यशोदाने माशाची कढी वाढली आणि हळूच विचारलं, "आग बरी चल्ता मा रे? इझली नाय मा?"

"नाय गो ताई."

"देवच पावलो." तिने पदराने डोळे टिपले. ही बाई आग विझू नये म्हणून देव पाण्यात घालून बसली होती, आणि तिचा नवरा रात्रभर ज्या डोळ्याच्या भरवशावर उभा राहणार होता तो आपण घाईत, सोयीच्या बाजूला ठोकून दिला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. हात धुऊन तो तसाच माघारी फिरला.

ऊन कलायला लागलं होतं. भावोजी बर्नरसमोर स्टुलावर बसले होते.

"भावोजी, वायच बाजूक व्हा."

"कित्याक रे?"

सर्वेशने वाकून डिझेलचा कॉक आवळला. भट्टीची घरघर तुटली, नुसता पंखा फिरत राहिला. भावोजींनी धावत जाऊन काचेतून आत बघितलं. ज्योत नव्हती, लाल विटा तेवढ्या दिसत होत्या.

"काय केलंस रे ह्या! काय केलंस!"

सर्वेश पॅनेलकडे बघत होता. आत ज्योत आहे असं सांगणारा हिरवा दिवा तसाच जळत होता. तो विझायची त्याने वाट बघितली. दिवा काही विझला नाही.

"भावोजी, दिवो बघा. आत आग नाय, तरी डोळो सांगता आग आसा." त्याने बॉयलरचा मुख्य स्विच पाडला, तेव्हा कुठे दिवा गेला. "कॉक उघडो असतो तर डिझेल येतच रवला असता. नळी मीच चुकीच्या बाजून लावलंय."

भावोजींना आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. बॉयलरपुढे त्यांचा जन्म गेला होता. ते विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले.

"म्हंजे आज राती मी हयसर..."

"व्हय."

"तुझा खरा आसा," ते म्हणाले. "तू माका वाचवलंस. पण आग इझली मा रे." आणि खुंटीवरचा शर्ट ओढून, बटणंही न लावता, ते मोटरसायकलकडे धावले. निघाले होते ते घरी, ओमकारकडे.

सर्वेशला हायसं वाटायला हवं होतं. माणूस जिवानिशी वाचला, चूक वेळेवर सापडली, उद्या दांडा सोडवून नळी नीट बसवता येईल. आगीचा आणि कलमावरून पडायचा काही संबंध नाही, हे तो कुणालाही पटवून देऊ शकला असता. तरी भावोजी घरी पोचायच्या आत त्याने फोन लावला.

"ताई, ओमकार बरो आसा मा?"

"बरो आसा. आताच च्या घेतल्यान." यशोदा जरा थांबली. "तू असा कित्याक इचारतस?"

सर्वेशने बंद पडलेल्या बॉयलरकडे बघितलं.

"आग इझली?"

"व्हय," तो म्हणाला. "मीच इझवलंय."

मागून ओमकार विचारत होता, "आये, कोण गो?" आणि ती फोन कानाशी धरूनच त्याला विचारत होती, "तुका बरा वाटता मा रे?"