हिमनदीची अर्धी कड

"घ्या ना, बिस्किट घ्या," म्हणत बाबांच्या साहेबांनी स्वतःचं बिस्किट चहात बुडवलं. त्याचा ओला तुकडा समोरच्या नकाशावर पडला. साहेबांनी तो अंगठ्यानं पुसला. हिमनदीच्या तोंडाशी तपकिरी डाग उरला.

बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते. त्यांच्या ऑफिसात चार वाजता अहवालाचं प्रकाशन होतं आणि त्याआधी माझी सही हवी होती. पहिल्या पानावर बाबांचा फोटो, खाली 'स्मृतीस अर्पण'. आत नकाशाखाली 'सीमारेखन' या शब्दापुढे त्यांचं नाव.

"शेवटचं काम त्यांचं," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त संमती द्या. आणि दोन शब्द बोला. रडू आलं तरी चालेल."

मी नकाशा जवळ ओढला.

एकतीस वर्षं बाबांचं काम एकच. उपग्रहानं टिपलेल्या चित्रावर हिमनदीची कड टिंबाटिंबानं आखायची. दर वर्षी तीच नदी, उन्हाळा संपतानाचा तोच आठवडा. तोवर हिवाळ्यातलं भुसभुशीत हिम वितळून गेलेलं असतं आणि खरा, जुना बर्फ तेवढा उरतो. नवं हिम पडलं की सगळंच पांढरं. मग उघडा खडकही बर्फात मोजला जातो. ऑफिसात त्यांना रेघोबा म्हणत. त्या आठवड्यात शेकडो मैलांवरच्या त्या डोंगरावर ढग आले, की आमच्या घरात कुणाला धड जेवण जात नसे.

नकाशाच्या कोपऱ्यात चित्राची तारीख होती. बाबांच्या ठरलेल्या आठवड्याच्या पाच आठवडे नंतरची.

"हे नवं हिम पडल्यावरचं चित्र आहे," मी म्हणाले.

"तुम्हालाही कळतं का यातलं?" साहेब हसले. "अहो, बर्फ तो बर्फच. नदी यंदा वाढलीय, चांगलंच आहे की! खाली धरण व्हायचंय. वितळतंय, वितळतंय करून लोकांना किती दिवस घाबरवायचं?"

"ही रेघ बाबांनी काढली?"

"त्यांच्याच कॉम्प्युटरवर काढलीय."

त्यांच्या मिशीला चहा लागला होता. माणूस गेल्यावर त्याचा हात वापरायचा आणि वर त्याच्या मुलीपुढे बिस्किटं ठेवायची. संमतीपत्रावर मी आडवं 'नाही' लिहिलं.

"बरं," साहेब उठले. "नाव काढू. नकाशा तर जाणारच."

बाहेर टिंबताई उभ्या होत्या. बावीस वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर टिंबं टाकणाऱ्या, सगळे त्यांना याच नावानं हाक मारत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला बाबांच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"हे बघ."

स्क्रीनवर योग्य आठवड्यातलं चित्र होतं. नदी मळकी, राखाडी, गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ मागे सरकलेली. तिच्या कडेनं बाबांची लाल रेघ निम्म्याहून जास्त पुढे आली होती आणि एका सुळक्याच्या सावलीपाशी थांबली होती.

"दवाखान्यातून एक दिवस आले होते," टिंबताई म्हणाल्या. "इथं सावली आहे म्हणाले, उद्या ताज्या डोळ्यांनी बघतो. कड दोन्ही टोकांनी जुळल्याशिवाय क्षेत्रफळ निघत नाही ना, हे चित्र सोडून नंतरचं घ्यायला साहेबांना तेवढंच निमित्त मिळालं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तू जोड. तुला शिकवलंय त्यांनी. त्यांच्याच नावानं जाऊ दे. कुणाला कळणार आहे?"

मी माउस धरला. नदी खरी होती, आठवडा खरा होता. तरी बोट दाबेना. आत साहेबांनी तरी वेगळं काय केलं होतं?

"टिंबताई, तुम्ही जोडा. तुमच्या नावानं."

"माझ्या? डोकं फिरलंय का तुझं? साहेब मला तळघरात जुन्या फायली झटकायला पाठवतील."

"पाठवतील."

शेजारच्या हॉलमध्ये कुणीतरी माईकवर फुंकर मारत होतं. टिंबताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सरक," त्या म्हणाल्या.

त्यांनी निळा रंग निवडला. सावलीतला बर्फ आणि सावलीतला खडक वेगळे करायला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा त्या स्वतःशीच "नाही, रेघोबा, नाही" म्हणाल्या आणि टिंब खोडलं. कड जुळली. क्षेत्रफळाचा आकडा आला, गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ कमी.

खाली त्यांनी बाबांचं नाव लिहिलं, पुढे 'लाल रेघ' आणि त्यांच्या शेवटच्या टिंबाची तारीख. त्याखाली 'निळी रेघ' आणि स्वतःचं संपूर्ण नाव. बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचत होते.

हॉल भरला होता. टिंबताई कुणाकडेही न बघता पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. छापून घेतलेला दोन रेघांचा नकाशा त्यांनी छातीशी धरला होता, मंचावरून वाचता येईल असा.