शेवटच्या फेरीआधी लिहिलेला लेख

मी ज्ञानकोशातला एक लेख बोलतोय. इंटरनेटवरच्या त्या अवाढव्य ज्ञानकोशात नद्या आहेत, किल्ले आहेत, राजेरजवाडे आहेत आणि एका कोपऱ्यात मी आहे: 'तळेखांड ग्रामपंचायत निवडणूक'. मला दिवसातून एकदाच कुणीतरी उघडतं, दुपारी पावणेचारला. ज्या फोनवर मी उघडतो, तिथलं बोलणं मला ऐकू येतं. म्हणून तर हे सगळं सांगू शकतोय.

तळेखांड महाळुंगेच्या पलीकडे आहे. शेतं गेली, कंपन्या आल्या आणि गावकऱ्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. अशाच एका खोलीत लातूरकडचा प्रितम राहायचा. घरमालकीण मंजुळाबाई, आणि जयसिंग हा त्यांचा एकुलता एक मुलगा. जयसिंग सरपंचपदाला उभा राहिला, तेव्हा प्रितमचं नाव तिकडे त्याच्या गावच्या मतदार यादीत होतं. इथे मत देता येत नाही, म्हणून त्यानं सुट्या टाकून प्रचार केला.

मतमोजणीच्या दिवशी आत फोन नेऊ देत नव्हते. जयसिंगनं आपला फोन प्रितमकडे दिला. प्रितम फाटकाबाहेर उभा राहून भोंग्यावर येणारे आकडे त्या फोनवरून लिहीत गेला, आणि असा माझा जन्म झाला. खातं जयसिंगचं होतं. त्यामुळे माझा लेखक म्हणून आजही त्याचंच नाव दिसतं.

चौथ्या फेरीअखेर जयसिंग चौसष्ट मतांनी पुढे होता. एकच फेरी उरली होती, त्याच्या स्वतःच्या भावकीच्या वस्तीची. भावकीची मतं काय मोजायची, असं म्हणत प्रितमनं लिहून टाकलं: 'जयसिंग विजयी.' पुढे आकड्यांसाठी जागा सोडली, नंतर भरू म्हणून.

ते वाक्य गावाच्या ग्रुपवर गेलं. ज्ञानकोशात आलंय म्हणजे झालंच, असं लोक म्हणाले. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आता त्याची लाज वाटते. डीजे लागला, गुलाल उधळला, जयसिंगला बाहेर बोलावून टेम्पोच्या टपावर चढवलं. टेम्पोनं गचका दिला आणि गुलालावरून पाय घसरून तो डोक्यावर पडला. त्याला दवाखान्यात नेत होते, तोवर आत पाचवी फेरी संपली. भावकीनं एकगठ्ठा मतं समोरच्या उमेदवाराच्या, दिग्विजयच्या पारड्यात टाकली होती. जयसिंग अकरा मतांनी हरला होता. ते कळायच्या आत तो वाटेतच गेला.

तेराव्याला मंजुळाबाईंनी प्रितमला फोटोसमोर बसवलं. फोटोपुढे जयसिंगचा फोन ठेवलेला होता. यात काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं, आणि प्रितमनं माझं ते वाक्य वाचलं.

"रोज येऊन वाचायचं," त्या म्हणाल्या. "ह्ये लिवल्यालं हाय तंवर. घे शपथ."

प्रितमनं फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. गावाला वाटलं, पोरगं जिंकून गेलं असं रोज ऐकलं की म्हातारीला बरं वाटत असेल. मलाही तसंच वाटायचं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पहिली शिफ्ट सुटली की प्रितम येतो, फोन उचलतो, वाचतो. मंजुळाबाई डोळे मिटून ऐकतात आणि कधी रडत नाहीत. मध्यंतरी त्याचं लग्न ठरलं, तिकडे त्याच्या गावाजवळच्या एका कारखान्यात नोकरीही मिळत होती. पण शपथ मोडायचं किंवा ते वाक्य आपल्या हातानं बदलायचं धाडस त्याला झालं नाही, आणि दोन्ही हातचं गेलं.

मग चिंचवडचे मुकुंदराव माझ्यापाशी पोहोचले. ते निवृत्त शिक्षक, ज्ञानकोशातले जुने लेख तपासायची त्यांना हौस. माझ्या कपाळावर त्यांनी पाटी लावली: 'हा लेख हटवावा.' माहिती शिळी आहे, निकाल चुकीचा आहे, आधार कशालाच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. वाकडच्या सुखदाकडे असे निर्णय द्यायचा अधिकार होता. तिनं अपघाताच्या बातमीचं कात्रण शोधून चर्चेत लावलं आणि आठवडाभर मतं मागवली. मी मनातल्या मनात मुकुंदरावांच्या बाजूनं होतो.

प्रितमनं ती पाटी मंजुळाबाईंना वाचून दाखवली. "मावशी, पान काढणार आहेत म्हणे." तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो कंपनीत असताना, चर्चेत एक ओळ उमटली: 'पान काढायचं न्हाई.' खाली नाव होतं, जयसिंग.

मुकुंदरावांनी लिहिलं की हा माणूस तर हयात नाही. सुखदानं विचारलं, आपण कोण? मग एकच शब्द आला: 'आई.' फोनशी बोललं की अक्षरं उमटतात आणि आलेली अक्षरं फोन वाचून दाखवतो, हे प्रितमनंच त्यांना कधीतरी शिकवलं होतं.

त्यानंतर वाद घालायला कुणाची जीभ रेटली नाही. मुकुंदरावांनी आपली हरकत मागे घेतली. सुखदानं निर्णय दिला: लेख ठेवावा, निकाल दुरुस्त करावा, जुनी आवृत्ती पानाच्या इतिहासात, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीत, कायम राहील.

त्या दुपारी प्रितमनं मला उघडलं. 'जयसिंग अकरा मतांनी पराभूत.' तो हळूच म्हणाला, "मावशी, आता ते लिहिलेलं नाही राहिलं."

"आकरा मतांनी पडला. आसंच ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिशी कळलं व्हतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "आदीचं लिवल्यालं आत ऱ्हातंय, फोननंच वाचून दावलं. ते उघड."

"मावशी, मला जाऊ द्या. माझी चूक झाली."

"झाली ना? मग वाच. माझ्या लेकाला टपावर चढवलं ते तुज्या ह्या दोन शब्दांनी. त्ये लिवल्यालं नसंल तवा जा."

त्यानं इतिहास उघडला. जुना मी तिथे होतो, जसाच्या तसा, आकड्यांसाठी सोडलेल्या जागेसकट. प्रितमनं वाचलं, "जयसिंग विजयी."

"पुन्यांदा," त्या म्हणाल्या.

आता रोज असंच चालतं. वाचक हो, मला भीती वाटते. बाहेरून मी खरा झालो, आणि आत जयसिंग रोज पावणेचारला टपावर चढतो. तुमच्यापैकी कुणाला अधिकार असेल तर मला इतिहासासकट काढून टाका. काही महिन्यांनी हटवायचा प्रस्ताव पुन्हा मांडता येतो, असा नियम आहे. मुकुंदराव, तेवढं लक्षात ठेवा. प्रितम वाट बघतोय.

मंजुळाबाईंनी कालच जयसिंगच्या फोनला नवी बॅटरी बसवून आणली.