कोपरामागची नस

धाकट्या लेकाचं, आँरीचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे एकोणीसशे अडुसष्टात, रोझेर थिबोदोच्या उजव्या हाताची करंगळी बधिर झाली. लुइस्टनच्या कारखान्यात तीस वर्षं तो बुटांना हातशिलाई करत आला होता. आरीच्या टोकानं चामड्याला भोक पाडायचं, मेणाचा दोरा ओवायचा आणि दोन्ही हात फाकून खेचायचा. आता दोरा बोटांतून निसटू लागला. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबलीय, सोमवारी चिरा देऊन मोकळी करू.

थोरली लेक नॉर्मांद बॉस्टनला डॉक्टरकी शिकत होती. घराण्यात शाळा पुरी केलेली ती पहिलीच. शनिवारी ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलाशी बापाचा हात घेऊन बसली. अंगठा आणि तर्जनीच्या मधे तिनं कागदाची पट्टी दिली.

"मी ओढते, पपा. सोडायची नाही."

"मी धरलेलं कधी सोडलंय का, तुझ्या आईला विचार."

"तिथंच तर फसले मी," शेगडीपाशी उभी आई म्हणाली.

नॉर्मांदनं ओढलं. कागद फाटला, पण सुटला नाही.

"काय डॉक्टरीणबाई, कोण जिंकलं?"

"जिंकलात, तेच वाईट. आता डाव्या हातानं धरा."

डावा अंगठा सरळ राहिला. उजव्याचं पेर मात्र धरताना वाकलं होतं.

"अंगठा दाबणारा स्नायू लुळा पडलाय. तुम्ही पेर वाकवून दुसऱ्याच स्नायूच्या जोरावर धरता."

मग तिनं त्याला डोळे मिटायला लावले आणि कापूस फिरवला. करंगळी बधिर होती, आणि करंगळीकडची हाताची मागची बाजूही.

"मागच्या बाजूला जाणारी नसेची फांदी मनगटाच्या आधीच फुटते. तीही बधिर, म्हणजे नस मनगटाच्या वर कुठंतरी दबलीय." तिनं कोपराच्या आतल्या हाडामागे टिचकी मारली. झिणझिणी थेट करंगळीपर्यंत गेली. "कामाच्या बाकाच्या कडेवर कोपर टेकता ना?"

"तीस वर्षं," रोझेर म्हणाला.

सोमवारी सर्जननं मनगटावर शाईची रेघ ओढली. रोझेरनं हात मागे घेतला आणि शेजारी उभ्या नॉर्मांदकडे बोट दाखवलं.

"आधी हिचं ऐका."

"ही कोण?"

"माझी लेक. तुमच्याच धंद्यातली."

सर्जननं सगळं ऐकलं आणि कापूस स्वतः फिरवून पाहिला. मग मनगटावरची रेघ पुसली आणि कोपरामागे नवी ओढली. रोझेरनं खोलीतल्या प्रत्येकाकडे एकदा पाहून घेतलं, सगळ्यांनी बघितलं ना म्हणून.

वर्षभरानं करंगळीला जाग आली. पुढे दहा वर्षं तो शिवत होता.

रोझेर थिबोदो १९८४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी वारला.