आपल्या घरानं कधी हात पसरला नाही

माझा थोरला जाको दर गुरुवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून लोकांसाठी तेल-तांदळाची खोकी भरायला जातो, आणि त्याच्या घरचा फ्रिज उघडावा तर आत दिवा तेवढा लागतो. याला काय म्हणावं? गाढव म्हणावं, तर गाढव निदान भूक लागली की ओरडतं.

यंदा ब्युनोस आयर्समध्ये बँकांनी लोकांचे पैसे आत कोंडून ठेवले आणि आमच्या विया क्रेस्पोतली अर्धीअधिक दुकानं बसली. जाकोचं बटणांचं दुकानही बसलं. सिनगॉगच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या मागे आमच्या लोकांचं मदतघर आहे, तिथं यानं नाव नोंदवलं. पण घेणारा म्हणून नाही, वाटणारा म्हणून! वर मलाच सांगतो, "आई, काय एकेकाची दशा झालीय गं, बघवत नाही."

काल मी पालक चिरत बसले होते, तेवढ्यात सून आली. राकेल काही उठसूट रडणारी बाई नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, लूना शाळेत चक्कर येऊन पडली."

लूना माझी नात, अकरा वर्षांची. पोरीला साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिनची सुई लागते.

"सुई चुकली का?"

"चुकली नाही. मीच तीन आठवडे कमी देतेय. दुकानात औषध मिळत नाही, मिळालं तर आवाक्यात नाही. आता दोन दिवसांपुरतं उरलंय."

"मदतघरात औषधांचं कपाट आहे ना गं?"

"आहे ना. हेच लावतात ते कपाट."

"मग आणत का नाही?"

राकेलनं माझ्याकडे असं बघितलं की सुरी माझ्याच हातात असून मलाच लागली. "म्हणतात, आपल्या घरानं कधी हात पसरला नाही. आईनं आयुष्यभर हेच शिकवलंय."

शिकवलंय, खरं आहे. नवरा गेला तेव्हा जाको सहा वर्षांचा होता, धाकट्या दोघी पाळण्यातून नुकत्या उतरलेल्या. दर शुक्रवारी सकाळी दाराशी पुडकं यायचं. पीठ, अंडी, कोंबडी, थंडीत पोरांचे बूट. कोण ठेवून जायचं ते कधी दिसलं नाही. आमच्यात देणारा असाच देतो, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. पोरं विचारायची, कोणी पाठवलं? मी सांगायची, मोंतेविदेओच्या अल्बेर्तो मामानं. मला भाऊच नाही! पुढे पोरं मामाला भेटायचा हट्ट धरू लागली, तेव्हा मी त्याला मारून टाकलं. आमच्या रीतीनं सुतक धरून सात दिवस जमिनीवर बसले, आरसे झाकले, शेजारणींनी आणलेली उकडलेली अंडी खाल्ली. जाको तर त्या मामासाठी ढसाढसा रडला होता.

आज गुरुवार. मी बोळातून मदतघरात शिरले. घेणारे बोळातून येतात आणि सिनगॉगमधून बाहेर पडतात. रस्त्यावरच्याला कळू नये, कोण प्रार्थनेला आलं होतं आणि कोण पिशवी घ्यायला. मी रांगेत उभी राहिले. समोर औषधांच्या कपाटापाशी आमचे इस्त्रीवाले साहेब.

मला बघून लगबगीनं आला. "आई, इकडून कुठं आलीस? वाटणाऱ्यांचं दार पुढे आहे."

"मी बरोबर दारानं आलेय."

टेबलामागच्या विकीबाई अशा की त्या कधी नाव विचारत नाहीत, नुसता नंबर देतात. "काय हवंय, मावशी?"

"इन्सुलिन. नातीसाठी."

जाकोचा चेहरा चुन्यासारखा झाला. दातांवर दात ठेवून म्हणाला, "आई, घरी चल. लोक बघतायत."

"कोण बघतंय? इथं सगळे खाली बघून उभे आहेत. मान ताठ करून तू एकटाच उभा आहेस."

"आपल्या घरानं आजवर कुणापुढे..."

"सात वर्षं खाल्लंय आपण या मदतघराचं!" मी म्हटलं. "तुझे बूट इथले, तुझी शुक्रवारची कोंबडी इथली. तुझा अल्बेर्तो मामा म्हणजे हे मदतघर. दुसरा कुठलाही मामा नव्हता."

"आपण त्याचं सुतक पाळलं होतं, आई."

"पाळलं. खोटं मी बोलले, त्याचा जाब देवाला मी देईन. पण मी खोटं बोलून तुमची पोटं भरली, आणि तू ताठ मानेनं पोरीला मारायला निघालायस. तू मानी नाहीस, जाको, तू भित्रा आहेस. आता ते कपाट सोड, आणि तिचं औषध माझ्या हातात नको देऊस. बाप तू आहेस. माझ्या मागे रांगेत उभा राहा आणि स्वतःच्या तोंडानं माग."